मिनेसोटाच्या थंडीत हॉट टब: आधी कव्हर, मग बाकीचं

रात्रभर बर्फ पडून गेला की सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता खिडकीतून बाहेरच्या हॉट टबाकडे, म्हणजे बसायच्या गरम पाण्याच्या कुंडाकडे बघा. ऊन वर यायच्या आत बघा, नाहीतर फसाल. कव्हरवर बर्फाची जाड, सपाट गादी तशीच असेल तर काळजी नाही. पण कव्हर जिथे मधोमध दुमडतं तिथे काळी ओली पट्टी दिसत असेल, किंवा कडेचा बर्फ वितळून खाली बर्फाचे सुळे लोंबत असतील, तर तुमच्या बिलातले डॉलर तिथूनच वर चाललेत. ही तपासणी फुकट आहे आणि दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा खरी आहे.

मिनीॲपोलिसच्या आसपास घर घेणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना टब घरासोबतच मिळतो. जुना मालक 'चालू आहे' म्हणून सोडून जातो, आपण ऑक्टोबरपर्यंत मजेत बसतो, आणि मग जानेवारी येतो. इथे जानेवारीचं सरासरी तापमान १६ अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे ९ सेल्सियस. आणि टबात पाणी १०० ते १०४ अंश फॅरनहाइट. (१०४ म्हणजे ४० सेल्सियस. ही वरची मर्यादा. तिच्यापुढे जाऊ नये.) एवढा फरक रात्रंदिवस धरून ठेवायचा तर हीटर काही स्वस्थ बसणार नाही.

मी पहिल्या हिवाळ्यात बिल बघून तडक दुकानात गेलो, फोमचे बोर्ड आणले आणि टबाच्या बाजूंना आतून कोंबले. बिल जेमतेम हललं. कव्हर पाणी पिऊन टम्म झालं होतं, त्याकडे माझं लक्षच नव्हतं. आई तेव्हा इथे आलेली होती. साताऱ्याच्या घरी तिने कित्येक वर्षं तांब्याचा बंब पेटवलाय. ती म्हणाली, "अरे, वाफ झाकणातून चाललीय आणि तू पोटाला फडकी बांधतोयस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!" पुढचं सगळं लिहिणं हे तिच्या त्या वाक्याचा विस्तार आहे म्हणा ना.

आधी एक रात्र मोजा

काहीही विकत घेण्याआधी आपला टब किती उष्णता गमावतो ते कळायला हवं. त्यासाठी लागतं पाण्यावर तरंगणारं एक साधं थर्मामीटर आणि थोडं गुणाकार-भागाकार.

हिशेबाचा पाया असा: ४०० गॅलनच्या, म्हणजे साधारण १,५०० लिटरच्या टबात पाणी १ अंश फॅरनहाइटने तापवायला जवळजवळ १ युनिट वीज लागते. बिलावर किलोवॅट-अवर लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपलं युनिटच. टब ३०० गॅलनचा असेल तर पाऊण युनिट धरा. गॅलन किती ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर पुढच्या वेळी भरताना पाण्याच्या मीटरचे आकडे आधी आणि नंतर टिपा.

बाहेर २० ते ३० अंश फॅरनहाइट असलेली, वारा नसलेली रात्र निवडा. कडाक्याच्या रात्री हा प्रयोग करू नका, कारण बंद पंपातलं आणि बारीक नळ्यांतलं पाणी सर्वांत आधी गोठतं. रात्री दहाला हाताने पाणी नीट ढवळा, तापमान लिहून ठेवा, कव्हर लावा आणि टबाचा ब्रेकर बंद करा. हा ब्रेकर किंवा स्विचचा डबा टबाजवळच भिंतीवर सापडेल. नियमाप्रमाणे तो टबापासून निदान ५ फूट लांब, पण नजरेच्या टप्प्यात असावा लागतो. सकाळी सहाला पुन्हा ढवळून तापमान बघा आणि ब्रेकर लगेच चालू करा. हे शेवटचं विसरू नका. मी फोनवर गजर लावतो.

समजा आठ तासांत पाणी ४ अंशांनी उतरलं. म्हणजे ४ युनिट गेले, दिवसाचे १२. हा आकडा बाहेर २५ अंश असतानाचा. बाहेर ० फॅरनहाइट असेल तर पाणी आणि हवा यांतला फरक ७५ वरून १०० वर जातो आणि त्याच प्रमाणात १२ चे १६ होतात. महिन्याला ४८० युनिट. तुमचा दर १५ सेंट धरला तर ७२ डॉलर, आणि यात पंपाची वीज किंवा तुम्ही टब उघडून बसता तेव्हाची वाफ धरलेली नाही.

४ अंश म्हणजे ठीकठाक. ३ किंवा कमी असेल तर तुमचा टब चांगला आहे, फार खर्च करू नका. ६ च्या पुढे असेल तर कुठेतरी मोठं भगदाड आहे, आणि ते बहुतेक वरच असतं.

कव्हर: सगळा खेळ इथे आहे

गरम पाण्याची उष्णता वर जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक, कव्हरच्या जाडीतून हळूहळू झिरपत. दुसरा, फटीतून वाफ होऊन. दुसरा रस्ता फार महागडा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. रोज दोन-तीन लिटर पाणी कमी होत असेल आणि गळती कुठेच सापडत नसेल, तर ती गळती वर आहे.

आता जाडीचा हिशेब. कव्हरच्या आत पांढऱ्या थर्माकोलसारखा ईपीएस फोम असतो. उष्णता अडवण्याची ताकद इथे आर-व्हॅल्यूत मोजतात आणि या फोमची ती दर इंचाला साधारण ४ असते. पाणी आणि बर्फ घरंगळून जावं म्हणून कव्हर मध्ये जाड, कडेला पातळ करतात: ४ इंचांवरून २ वर उतरणारं, ५ वरून ३ वर, वगैरे. ७ फूट बाय ७ फुटांचं, सरासरी ४ इंच जाडीचं कोरडं कव्हर असेल आणि आतबाहेर १०० अंशांचा फरक असेल, तर दिवसाला २ युनिटच्या आसपास जातात. तेच कव्हर भिजून त्याची आर-व्हॅल्यू ४ वर आली, तर ८ ते ९. फोम दिसायला तसाच दिसतो, रंगसुद्धा बदलत नाही, म्हणून माणूस फसतो.

भिजलंय की नाही ते उचलून बघा. नवं कव्हर साधारण २० ते ३० किलोंचं असतं आणि एकट्याला अर्धं उलटता येतं. उलटायला शेजाऱ्याला हाक मारावी लागत असेल तर ते पाणी प्यायलेलं आहे. चेन उघडून फोमचा तुकडा थोडा बाहेर ओढा. त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिक फाटलेलं असेल आणि आत पाणी खेळत असेल तर निदान झालंच. वाळवायचा नाद मीही केला आहे, दोन आठवडे गॅरेजमध्ये फोम उभे करून ठेवले होते. वजन थोडं उतरलं, महिन्याभरात परत चढलं. फाटलेलं प्लॅस्टिक पुन्हा वाफ आत घेतंच. नवं कव्हर घ्यावं लागतं, साधारण ४०० ते ६०० डॉलर.

ऑर्डर देताना जुनं कव्हर मोजू नका. ते वाकलेलं, आखडलेलं असतं. टबाचा ॲक्रिलिकचा काठ मोजा, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, लांबी आणि रुंदी दोन्ही. कोपऱ्याची गोलाई हमखास चुकते. दोन सरळ पट्ट्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना लावून त्या जिथे एकमेकींना काटकोनात भेटतात, त्या बिंदूपासून काठ वळायला लागतो तिथपर्यंतचं अंतर घ्या. तीच गोलाई. मग पट्ट्यांच्या जागा आणि खाली लोंबणारी झालर किती इंच हवी ते सांगा.

आपल्याकडच्या थंडीसाठी तीन गोष्टी मागून घ्या. जाडी ५ वरून ४ इंचांवर उतरणारी किंवा त्याहून जास्त. फोमची घनता दर घनफुटाला दीड ते दोन पौंड, नाहीतर बर्फाच्या वजनाने तो मध्ये खचतो. आणि तिसरी, जिच्यासाठी मी भांडेन: घडीच्या फटीत टोकापासून टोकापर्यंत फोमची सलग पट्टी. स्वस्त कव्हरांत ही पट्टी फक्त दोन्ही टोकांना असते, मधली फट मोकळी. सकाळी दिसणारी ती काळी रेघ म्हणजे हीच.

नवं कव्हर टिकवायचं असेल तर क्लोरीनचा जोरदार डोस दिल्यावर पंधरावीस मिनिटं टब उघडा ठेवा. ती वाफ कोंडली की आतलं प्लॅस्टिक खाते. बर्फ काढायला फावडं नको, मऊ झाडू घ्या. कव्हरवरचं व्हिनाइल थंडीत कडक होतं आणि एका ओरखड्यात फाटतं. पट्ट्या रोज आवळा. त्यांना कुलूप लावलं की पोरं एकटी आत जात नाहीत हे तर आहेच, शिवाय वाऱ्याने कव्हरची कड उचलली जात नाही. कव्हर काठावर सगळीकडे टेकतंय का ते कागदाच्या कपट्याने कळतं: कपटा कडेखाली ठेवून कव्हर बंद करा, ओढा, सहज निसटला तर तिथे फट आहे.

कव्हरखाली पाण्यावर तरंगणारी फोमची पातळ गादी मिळते. गोधडीच म्हणा. स्वस्त असते, कात्रीने कापता येते, वाफ पाण्याजवळच अडवते आणि वरचं कव्हर कोरडं ठेवते. मी ती घेतलीच पाहिजे म्हणेन. फक्त गाळणीच्या तोंडापाशी थोडी आखूड कापा, नाहीतर पंप तिला ओढून घेतो आणि पाण्याचा प्रवाह अडतो.

आता बाजू

पुन्हा ब्रेकर बंद. खात्री करा. मग स्क्रू काढून कॅबिनेटची, म्हणजे टबाभोवतीच्या पेटीची एक बाजू (पॅनेल) उघडा आणि आत बघा.

आत सगळीकडे पिवळसर घट्ट फोम भरलेला दिसला, नळ्यासुद्धा त्यात गाडलेल्या, तर पॅनेल परत लावा. तुमचं काम झालं. एखाद्या मेकॅनिकने गळती शोधताना फोम खोदून तसाच सोडला असेल तर तेवढा खड्डा भरा, बस.

आत पोकळी असेल, नळ्या उघड्या दिसत असतील, तर काम आहे. इथे एक गोष्ट समजून घ्या. पंपाची मोटर चालताना तापते आणि ती ऊब पोकळीत साठते. बाहेरच्या पॅनेलला आतून फोम लावला की ऊब, नळ्या आणि टबाची पाठ, सगळं एकाच पांघरुणात येतं. फोम टबाच्या पाठीला चिकटवला तर नळ्या पांघरुणाबाहेर राहतात, थंडीत कुडकुडत. म्हणून बोर्ड पॅनेलच्या बाजूला.

घराच्या बांधकामात वापरतात ते गुलाबी किंवा निळे एक्सपीएस फोमचे २ इंची बोर्ड घ्या. दर इंचाला आर-व्हॅल्यू ५, म्हणजे २ इंचांना १०. ७ फूट बाय ३ फुटांच्या तीन बाजूंना ४ बाय ८ चे तीन बोर्ड पुरतात. लांब पात्याच्या कटरने एका बाजूने खोल चीर द्या आणि गुडघ्यावर मोडा. पॅनेलच्या मापापेक्षा किंचित मोठे कापले तर दाबून घट्ट बसतात. सांधे ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद करा, पण ही टेप वीज वाहून नेते, तेव्हा वायरींपासून लांब. साधी करडी डक्ट टेप थंडीत आणि दमटपणात सुटून येते. माझ्या पहिल्या वर्षीच्या बोर्डांनी काही केलं नाही याचं निम्मं कारण तेच: सांध्यांना टेपच नव्हती, आत गार वारा फिरत होता.

चौथी बाजू, जिथे पंप, हीटर आणि कंट्रोलचा डबा असतो, ती सोडून द्या. मोटरला हवा लागते. तिच्याभोवती निदान ६ इंच मोकळे ठेवा, जाळी असेल तर झाकू नका, वायरीजवळ आणि नळ्यांच्या जोडांवर डब्यातला फुगणारा फोम मारू नका. तो जळतो, आणि उद्या जोड सोडवायची वेळ आली की करवत घ्यावी लागते. तळाला पाणी बाहेर जायची जागा असते तीही उघडी राहू द्या. वॉरंटी चालू असेल तर हे सगळं करण्याआधी पुस्तिका वाचा. काही कंपन्यांना आत केलेला बदल चालत नाही.

दोन वस्तू आणू नका. एक, फायबरग्लासच्या गाद्या: दमटपणा शोषून लगदा होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे उंदीर. नोव्हेंबरात इथल्या उंदरांना ऊबदार, मऊ, कोणी त्रास न देणारी जागा हवी असते. ओळखीतल्या एकाच्या टबात अख्खं कुटुंब सापडलं, आणि त्यांनी वायरीही कुरतडल्या होत्या. पॅनेलच्या फटींत बारीक छिद्रांची लोखंडी जाळी ठोका. दुसरी, बबल-रॅपसारखी चकचकीत फुग्यांची गुंडाळी. बॉक्सवर छापतात काहीही, पण नुसती लावली तर तिची आर-व्हॅल्यू १ च्या आसपास भरते.

उन्हाळ्यात उलटा प्रश्न येतो. जुलैत पाणी सेट केलेल्या आकड्याच्या वर आपोआप चढायला लागलं तर एका बाजूचा बोर्ड काढून ठेवा. बोर्डांच्या पाठीवर मार्करने बाजू लिहून ठेवलेली बरी. मी नाही लिहिली, आणि ऑक्टोबरात अर्धा दिवस कोडं सोडवत बसलो.

वारा, बूड आणि बटणं

मोकळ्या मैदानाकडे तोंड असलेला टब आणि कुंपणाच्या आडोशातला टब यांच्या बिलात फरक पडतो, कारण वारा कडेची वाफ सतत ओढून नेतो. वायव्येकडून येणारा वारा अडेल असं कुंपण किंवा झुडपांची रांग पुरते. टबाच्या खाली फोम घालायचा विचार फक्त नवा टब बसवत असाल तरच करा. भरलेल्या टबाखाली काही सरकवणं आपल्याच्याने होत नाही. ४०० गॅलन पाण्याचंच वजन दीड टन असतं.

फुकटातल्या गोष्टी मात्र कराच. टबाच्या काठावर हवेचे नॉब असतात, ते अंघोळ झाल्यावर बंद करा. उघडे राहिले तर गाळण चालू असताना जेट, म्हणजे पाण्याचा झोत सोडणारी तोंडं, बाहेरची उणे तापमानाची हवा थेट गरम पाण्यात ओढत राहतात. तापमान १०४ वरून १०० केलं तर बाहेर ० अंश असताना साधारण ४ टक्के उष्णता वाचते. फार नाही, पण काही न करता मिळते. रोज रात्री उतरवून सकाळी चढवणं यात चांगल्या टबाला नगण्य फायदा आहे, कारण तो रात्रभरात मुळातच फार थंड होत नाही. दोन आठवडे पुण्याला जाणार असाल तर ८० वर आणून ठेवा, बंद मुळीच करू नका, आणि शेजाऱ्याला एक दिवसाआड टबाची स्क्रीन बघायला सांगा.

साध्या ११० ते १२० व्होल्टच्या प्लगवर चालणारा टब असेल तर वेगळी अडचण. त्याचा हीटर साधारण १ ते १.५ किलोवॅटचा असतो. मोठ्या २४० व्होल्टच्या टबांचा बहुधा ४ किंवा ५.५ चा. १ किलोवॅटचा हीटर अखंड चालला तरी दिवसाला २४ युनिटच देऊ शकतो. ३० जानेवारी २०१९ ला मिनीॲपोलिसमध्ये उणे २८ फॅरनहाइटपर्यंत पारा उतरला होता. मघाचा १२ युनिटवाला टब तशा दिवशी २१ युनिट मागतो, त्यात तुम्ही अर्धा तास उघडून बसलात की हीटर हरलाच. अशा टबासाठी जाड कव्हर ही चैन नाही. आणि फुगवायचे टब? त्यांच्या बऱ्याच पुस्तिकांत ४० अंश फॅरनहाइटच्या खाली वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते ऑक्टोबरात रिकामे करून, वाळवून तळघरात ठेवा.

वीज गेली तर

पहिला नियम: कव्हर उघडून बघायचं नाही. दिवसाला १६ युनिट गमावणारा टब चोवीस तासांत १०२ वरून ८६ च्या आसपास येतो. मोठं पाणी गोठायला कित्येक दिवस लागतात. धोका असतो तो पंपाच्या पोटातल्या आणि बारीक नळ्यांतल्या चमचाभर पाण्याला. सगळ्या घराची वीज गेली असेल तर उपकरणांच्या बाजूचं पॅनेल बाहेरून जुन्या ब्लँकेटांनी आणि वर ताडपत्रीने झाका, आणि वीज आल्यावर मोटर चालू व्हायच्या आत ती काढा.

घरात वीज आहे पण टबच बंद पडलाय, असं असेल तर टबाचा ब्रेकर बंद करून उपकरणांच्या कप्प्यात जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा, जाळीच्या पिंजऱ्यातला बल्ब टांगून ठेवा. फोमपासून आणि ओलाव्यापासून लांब, जीएफसीआय (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी सोय) असलेल्या सॉकेटवरून. एलईडी नको, त्याला ऊबच नसते. तेवढ्या गरमीवर मेकॅनिक येईपर्यंतची रात्र निघते, आणि फेब्रुवारीत मेकॅनिक त्याच दिवशी येईल अशी आशा धरू नका.

माझ्या टबाचे आकडे, तुलनेसाठी: भिजलेलं कव्हर आणि टेप नसलेले बोर्ड असताना आठ तासांत ६ अंश. नुसतं कव्हर बदललं, ४. गोधडी टाकली आणि बोर्डांचे सांधे टेपने बंद केले, ३. १५ सेंटच्या दराने पहिली पायरी महिन्याला २७ डॉलर वाचवते, दुसरी साडेतेरा. कव्हरचे पैसे तीनेक हिवाळ्यांत वसूल होतात. ऑर्डर सप्टेंबरातच द्या.